अल्फचा गीझर आणि अकरा तारा

३ फेब्रुवारी, सोमवार

गीझर कंपनीचं पत्र आलं! पोस्टाच्या पायरीवरच फोडलं आणि तिथेच एक गिरकी घेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गिरकी घेऊ नये हे घोट्याने लगेच सांगितलं, पण घेतली ती घेतली.

जड पाण्याच्या गावांतला सगळ्यात जुना चालू गीझर कुणाकडे आहे, अशी कंपनीची स्पर्धा होती. फॉर्म मी नोव्हेंबरात भरला होता. आता शेवटच्या दोघांत आम्ही! दुसरा गीझर क्वीन्सलँडातला, एकोणीस वर्षांचा पोर. आमचा तेवीस वर्षांचा. तेरा मार्चला कंपनीची बाई येऊन टाकी मूळचीच आहे का ते बघणार. पास झालो की पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर माझा आणि गीझरचा फोटो. ऑगस्टचं पान मिळालं तर काय बहार येईल. माझ्या नवऱ्याचा, अल्फचा वाढदिवस ऑगस्टातला. हा गीझर त्यानेच बसवला होता.

आमच्या बुलूरात बोअरचं पाणी असलं खारट आणि जड की गीझर चार वर्षांत गळायला लागतो. मेलेल्या गीझरची टाकी कापून लोक फाटकावर टपालपेटी करतात. अख्ख्या रस्त्यात विकतची टपालपेटी एकट्या डेल्मा पेंगिलीच्या, म्हणजे माझ्या, फाटकावर आहे, आणि मी तिला दर शनिवारी फडकं मारते, सगळ्यांना दिसेल अशा वेळी.

दुकानात शेजारच्या बर्निसला पत्र दाखवलं. तिचा सहावा गीझर चालू आहे. म्हणाली, "पुरे गं बाई, गीझर आहे तो, नातू नाही." जळते मेली.

संध्याकाळी रोलीला दाखवलं. रोली नोस्के म्हणजे आमच्या गावचा एकुलता एक प्लंबर, आणि अल्फचा शाळेपासूनचा दोस्त. वाटलं होतं, टाळी देईल. तर हा पांढराफटक.

"टाकी उघडणार आहे ती बाई?"

"उघडू दे की! लपवायचंय काय आपल्याला?"

त्याने कपात बघितलं, बाहेर कोंबड्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "डेल्मा, एक सांगायचं होतं. मी चाललोय. बावीस मार्चला. व्हिक्टर हार्बरला, बहिणीकडे. कायमचाच."

मी म्हटलं, "अरे वा, समुद्राची हवा. गुडघ्यांना बरी. गावाचे हाल होतील, पण मला काय, माझ्या गीझरला कधी प्लंबर लागलाच नाही."

तो टोपी घालून गेला. चहा अर्धा तसाच. पावसाच्या टाकीतल्या पाण्याचा चहा होता, बोअरचा नव्हे. रोलीने माझ्याकडचा चहा आजवर कधी टाकला नव्हता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नीट लागत नाही. उकाडा.

९ फेब्रुवारी, रविवार

त्रेचाळीस अंश. उन्हाळ्यात सगळं गाव करतं तसा मीही गीझर बंदच ठेवलाय. पाण्याचे पाइप उन्हात उघड्यावर पडलेले, त्यामुळे थंडच्या नळाला चटका बसतो, आणि गीझरच्या टाकीतलं पाणी सावलीत निवत राहतं. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी गरमचा नळ तो थंड आणि थंडचा तो गरम. लेकीने शिकवलेलं तिच्या नवऱ्याला सहा वर्षांत कळलेलं नाही. दर नाताळात किंचाळतो.

पण आज नळाला सडक्या अंड्यांचा वास! कोंबड्यांवर संशय घेतला, सगळी खुराडी उपसली, दोघींना रागावलेसुद्धा. शेवटी रोलीला हाक मारली. त्याने नळाखाली ओंजळ धरली, हुंगली.

"काही नाही. पाण्यात गंधक आहे, टाकी कोमट बसलीय. त्यात रॉड अजून शाबूत आहे म्हणून वास येतो. एक दिवस चांगला कडक तापव, जाईल."

"कुठला रॉड?"

तो खोकला. "असतो एक. सगळ्याच गीझरांत. मॅग्नेशियमचा. खारं पाणी आधी त्याला खातं, टाकीला सोडतं."

"म्हणजे तेवीस वर्षांत तो खाऊन संपला नाही? बघ, कंपनीचा माल पूर्वी कसा असायचा!"

रोलीला एवढा ठसका लागला की मला पाठीवर थापा माराव्या लागल्या. सर्दी झाली असणार. गीझर तापवला. वास गेला. मी चारदा आंघोळ केली, नुसती आनंदाने.

१७ फेब्रुवारी, सोमवार

महिला मंडळाने भाषणाला बोलावलंय! एकोणीस मार्चला. विषय मीच दिला: 'माझा गीझर का मरत नाही.' आता गाव मला गीझरबाई म्हणायला लागलंय. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या दोघीजणी वळून वळून गीझरबद्दल विचारत होत्या, प्रवचन चालू असताना.

मुद्दे काढले. एक, रविवारी गीझरला सुट्टी. दोन, हिवाळ्यात त्याला अल्फचा जुना कोट घालायचा. तीन, त्याच्यासमोर दुसऱ्या गीझरचं कौतुक करायचं नाही. चार, दर महिन्याच्या एक तारखेला बाजूच्या व्हॉल्व्हचा कान पिळायचा, म्हणजे पाणी भसकन येतं आणि क्षार अडकत नाहीत. हे चौथं अल्फने शिकवलेलं. बाकीचे माझे स्वतःचे शोध.

रोलीसमोर भाषणाची तालीम केली. चौथ्या मुद्द्याला त्याने मान डोलावली. पहिल्या तिन्हींना छताकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. कोटाचं चांगलं आहे. ऊब राहते."

"आणि सुट्टी?"

"सुट्टी सगळ्यांनाच हवी गं," म्हणाला.

त्याचं सामान बांधून होत आलंय म्हणे. व्हॅनमागच्या धंद्याच्या पाट्याही पुसून टाकल्यात. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. मी म्हटलं छान.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वाटाण्याची जागा उकरून ठेवली. ईस्टरनंतर पेरायचा. वेलांच्या तारा पुसून मोजल्या, अकरा भरल्या. या तारांची गंमतच आहे. दर वर्षी ईस्टरला मी चार दिवस ॲडलेडला लेकीकडे जाते, आणि परत आले की शेडच्या मागे एक तार हमखास सापडते. कमरेएवढी लांब, सरळ, वर पांढरट खपल्या चिकटलेल्या. अल्फने कुठे कुठे काय पुरून ठेवलं होतं देव जाणे. कोंबड्या उकरून काढतात. येत्या जुलैत त्याला जाऊन बारा वर्षं होतील, अजून मला काही ना काही पुरवतोच आहे माणूस.

मग एकदम लक्षात आलं की या ईस्टरला कोंबड्या कोण बघणार? दरवर्षी रोलीच बघतो. किल्ली त्याच्याकडेच असते. बर्निसकडे दिल्या तर ती अंडी मोजणार नाही, खाणार.

बसून रडले थोडी. कोंबड्यांसाठी. माझंच हसू आलं मग, पाच कोंबड्या आणि एवढी आसवं.

१ मार्च, शनिवार

गीझर पुन्हा चालू. कान पिळला. भसकन पाणी. म्हातारा ठणठणीत आहे.

८ मार्च, शनिवार

रोलीशी भांडले. लिहायलाही नको वाटतंय, पण लिहिते.

सकाळी आला, बसलाच नाही. म्हणाला, "डेल्मा, त्या बाईला नको येऊ देऊस. कळव, स्पर्धेतून नाव काढते म्हणून."

"का?"

"का काय? तेवीस वर्षांची टाकी आहे. उघडताना काही झालं तर?"

"काही होणार नाही. अल्फने बसवलीय ती."

"अल्फने बसवलीय म्हणूनच सांगतोय गं!"

मग मीही तोंड सोडलं. म्हटलं, तुला माझं कौतुक बघवत नाही. गावभर गीझर मरतात आणि तू ते बदलत फिरतोस, आणि माझा मरत नाही हे तुझ्या डोळ्यांत खुपतं. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "तसं समज हवं तर," आणि गेला.

अल्फ गेल्यावर त्याच महिन्यात रोली स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला होता, गीझर उघडून बघतो म्हणून. तेव्हा मी त्याच्यावर अशीच ओरडले होते. अल्फचा हात लागलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, असं म्हणाले होते. तेव्हाही असाच लाल कानांनी गेला होता. मग दुसऱ्या दिवशी टोमॅटो घेऊन आला होता. उद्या येईल.

९ मार्च, रविवार

आला नाही. गीझरला सुट्टी दिली. मला स्वतःला काय द्यावं समजेना, केस धुतले.

१३ मार्च, गुरुवार

आज सगळं लिहिलंच पाहिजे.

कंपनीची बाई नऊला आली. मिस फान, तिशीची, बूट माझ्यापेक्षा मोठे. हात धुवायला थंडचा नळ सोडला आणि "आई गं" करून उडाली. मी म्हटलं, सॉरी हं, मार्चमध्ये दोन्ही गरम येतात, संध्याकाळपर्यंत थांबा. ती इतकी हसली की मला ती तिथेच आवडली.

कोंबड्यांच्या वाड्याकडच्या भिंतीशी गीझर. तिने नंबर तपासला. "टाकी मूळचीच आहे, बाई. अभिनंदन." मी कोंबड्यांना ओरडून सांगितलं. मग तिने पाणी बंद केलं, वरचं झाकण काढलं, मोठा पाना लावला, आणि आतून एक लांब रॉड ओढून काढला. राखाडी, जागोजागी खाल्लेला, पण बराचसा शिल्लक.

"छान ठेवलाय तुम्ही," ती म्हणाली. "हा कधी बदललात?"

"कधीच नाही."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. "नाही हो बाई. असल्या पाण्यात हा दोन वर्षं टिकणार नाही. हा साधारण अकरा महिन्यांचा आहे. कुणीतरी दरवर्षी बदलत असणार, नाही तर टाकी केव्हाच गेली असती. हा पूर्ण खाल्ला गेला की आतली नुसती तार उरते. तुम्ही पाहिली असेल, कमरेएवढी लांब..."

मी वाटाण्याच्या वाफ्याकडे बघितलं. अकरा तारा उन्हात उभ्या.

मिस फान म्हणाली, "अहो, इथे झाकणाला आतून काहीतरी लिहिलंय." मी झाकण हातात घेतलं. वर अल्फचं अक्षर, दर ईस्टरची तारीख, बारा ओळी. त्या काळी मी ईस्टरला आईकडे जायचे, तेव्हा तो दरवर्षी रॉड बदलायचा, मला कधी बोललाही नाही, बोलला असला तर मी ऐकलं नसणार. त्याखाली प्लंबरच्या जाड पेन्सिलीने दुसरं अक्षर. ते मी ओळखते, माझ्या पावत्यांवर असतं.

"अल्फ, रॉड नवा. कोंबड्या ठीक. ती अजून जेवत नाही नीट."

"अल्फ, रॉड नवा. कोंबड्या ठीक. ती बरी आहे."

"अल्फ, रॉड नवा. एक कोंबडी मेली, तिला सांगायचंय. ती बरी आहे."

अशा अकरा. शेवटची गेल्या ईस्टरची: "अल्फ, रॉड नवा. ती आता गाते. ऐकायला तू हवा होतास. मी ऐकतो."

मी खुराड्याच्या पायरीवर बसले. मिस फानने मला रुमाल दिला आणि विचारलं, कॅलेंडरखाली देखभाल करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, काय लिहू? मी म्हटलं, थांबा, मला आधी राग आवरू द्या.

कारण राग आला होता. अकरा वर्षं! मी गावभर मिरवत होते, गीझरला कोट घालत होते, सुट्ट्या देत होते, आणि हा माणूस समोर बसून चहा पीत मान डोलवत होता! मूर्ख मी. आणि तो माझ्याहून मूर्ख.

१४ मार्च, शुक्रवार

राग दुपारपर्यंत टिकला. मग भूक लागली.

मला अल्फने जपलं असं वाटत होतं आणि ते खरंच होतं, फक्त अर्धं.

त्याच्याकडे जाऊन काय बोलू? "धन्यवाद" म्हटलं की तो "काही नाही गं" म्हणणार आणि बावीसला व्हॅन घेऊन जाणार. फाटकापर्यंत दोनदा गेले आणि टपालपेटी पुसून परत आले. आठ दिवस उरले आहेत आणि मला कळलंय की त्या दिवशी मी कोंबड्यांसाठी रडले नव्हते.

१९ मार्च, बुधवार

हॉल भरलेला. बर्निस पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मागे चहाच्या भांड्याशी रोली, कारण भांड्यात क्षारांचा थर बसून ते तापेना म्हणून मंडळानेच त्याला बोलावलेलं. सगळा वेळ त्याने माझ्याकडे पाठ केलेली.

मी कागद उघडला आणि मिटला.

म्हटलं, "बायांनो, सुट्टी, कोट, कौतुक, हे सगळं विसरा. मूर्खपणा आहे. कान पिळा तेवढा, ते खरं आहे. गीझर टिकतो तो आतल्या रॉडमुळे. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी राहते, आणि दरवर्षी कुणीतरी नवा घालावा लागतो. माझ्याकडे अकरा वर्षं कुणीतरी घालत होतं. चोरून. कारण मी त्याला एकदा ओरडले होते. आणि मी त्या उरलेल्या तारांवर वाटाणा चढवत होते."

बर्निस एवढ्या मोठ्याने हसली की तिच्या ताटलीतला लॅमिंग्टन केक खाली पडला. मग सगळा हॉल हसला, मीही. मागे पाना खणकन पडला.

"रोली," मी म्हटलं, माझा आवाज कुठून तरी वरून येत होता, "या ईस्टरला माझ्या कोंबड्या कोण बघणार?"

तो वळला. कान लाल. "तू ॲडलेडला चाललीस ना?"

"मी कुठेही चाललेली नाही. लेक इकडे येतेय."

"मग कोंबड्यांना माझी काय गरज?"

"कोंबड्यांना नाही."

रोलीने टोपी काढली, घातली, परत काढली. बर्निस ओरडली, "अरे बोल की मेल्या, चहा थंड होतोय!"

"भांडं अजून तापायचंय," रोली म्हणाला. "मला... हे भांडं नीट करायला वेळ लागेल."

"किती?"

"बराच," म्हणाला. "बावीसला तर नक्कीच होत नाही."

मी स्टेजवरून उतरताना शेवटची पायरी चुकले. घोटा सुजलाय. काही दुखत नाही.

१९ एप्रिल, ईस्टरचा शनिवार

आज रॉड बदलला. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर. मी पाणी बंद केलं, पाना दिला, आणि अल्फचा कोट घडी करून रोलीच्या गुडघ्यांखाली घातला. जुना रॉड मी हातात घेतला. अजून बराच उरला होता, पण रोली म्हणतो, असल्या पाण्यात वाट बघायची नसते. त्याने तो दरवर्षीसारखा घासून आतली तार मोकळी केली. बारावी तार वाफ्यात रोवली, दोघांनी मिळून, वाकडी. जावई थंडच्या नळाखाली किंचाळला, एप्रिल असूनही.

कंपनीचं पत्रही आलंय. आम्ही जिंकलो. ऑगस्टचं पान. खाली लिहिणार: देखभाल, अ. पेंगिली आणि रो. नोस्के. फोटोत गीझरच्या एका बाजूला मी आणि एका बाजूला रोली, त्याने केसांना पाणी लावलंय, बोअरचंच, त्यामुळे ते ताठ उभे आहेत.

रोली म्हणतो, आता टाकी म्हातारी आहे, किती काढेल सांगता येत नाही. मी म्हटलं, जाईल तेव्हा फाटकावरची विकतची पेटी काढून हिची लावू.

मग त्याने झाकण उलटं केलं, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं, "अल्फ, रॉड नवा. कोंबड्या ठीक." तिथे थांबला. "पुढे काय लिहू?" म्हणाला.

पेन्सिल मी घेतली. लिहिलं, "अल्फ, हा आता चहा संपवूनच जातो. म्हणजे, जातच नाही."